द नसलेलं घर

म

त्या सकाळी आठ वाजता जगात फक्त म होता.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीतलं, मरोदा सेक्टरच्या कोपऱ्यावरचं एक क्वार्टर, त्याचा व्हरांडा, व्हरांड्याला लोखंडी जाळी, जाळीला तारेनं बांधलेली महिला मंडळाच्या बालवाडीची पाटी. आत एक लांब सतरंजी आणि तिच्या कडेकडेनं बसलेली अठरा पोरं. रत्नमालाबाईंनी ओठ मिटले आणि नुसतं म्म्म्म केलं. अठरा तोंडं मिटली. व्हरांडाभर मधमाश्या झाल्या. मग एकेक जण उठायचा, खिशातून नाहीतर टिफिनच्या पिशवीतून आपापला म काढायचा आणि सतरंजीच्या मधोमध आणून ठेवायचा. मडकं. मोरपीस. मिरची. पुडीतलं मीठ. कुणाच्या तरी आजीची माळ. जया रिकाम्या हातानं आली आणि स्वतःच त्या वस्तूंमध्ये फतकल मारून बसली.

"तू कावून बसली वो तिथं?" बाईंनी विचारलं.

"मी," जया म्हणाली. "मी म-पासून आहो ना."

तिला कोण उठवणार? म संपेपर्यंत ती मडक्याशेजारी बसून राहिली.

बाईंच्या बालवाडीत पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती, भिंतीवर अक्षरांचा तक्ता नव्हता. नुसता आवाज. शब्दाचं तोंड कुठं आहे ते आधी चाचपून बघायचं. तोंड सापडलं की शब्द कितीही लांब असो, धरून आणता येतो, असं बाईंचं म्हणणं. अक्षरं येतील मागून, त्यांना घाई नाही. घाई होती ती पोरांच्या बापांना.

"बाई, आमचा पोट्टा घरी येऊन नुसता भुंग्यावानी घुमून राहते," एक जण सायकलवरून खाली न उतरताच म्हणाला होता. "अ आ इ ई कवा शिकवसान?"

"आधी भुंगा नीट होऊ द्या," बाई म्हणाल्या होत्या.


क, किंवा ख

मंगळवारी क होता आणि क-वरून भांडण झालं. तेजराम बाईंची खुर्ची ढकलत ढकलत सतरंजीवर घेऊन आला.

"कुर्सी," तो म्हणाला.

"ए, ते खुर्ची आहे. ख मधली," जया म्हणाली.

"कुर्सी तो क में आएगी."

"आमच्या घरी खुर्ची म्हणते."

"तुमच्या घरी गलत म्हणते."

दोघांनी दोन बाजूंनी खुर्ची धरली. पोरांची दोन गावं झाली. घरात मराठी, गल्लीत हिंदी, दूधवाल्याशी छत्तीसगढी. त्यांच्यासाठी एकेका वस्तूला दोन-तीन तोंडं असणं यात नवल काहीच नव्हतं, प्रश्न फक्त ती कुठल्या तोंडानं आत येणार एवढाच. शेवटी बाईंनी निकाल दिला की ती टिफिनपर्यंत क मध्ये बसेल आणि टिफिननंतर ख मध्ये.

"घ्या," झाडू घेऊन उभी असलेली मदतनीस गिरजाबाई म्हणाली, "खुर्चीची बी शिफ्ट लागली."

हिरा या भांडणात नव्हती. ती जाळीपाशी उभी राहून बाहेर बघत होती आणि बाहेरचे आवाज एकेक करून आत घेत होती. "कावळा," ती हळूच म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, "कोणी तरी." मग, "काहीच नाई." तिन्ही क-पासूनच होते. बाई थक्क होऊन बघत राहिल्या. साडेचार वर्षांच्या पोरीनं काहीच नसण्याचंसुद्धा तोंड बरोबर शोधलं होतं.

असा कान अठरांत दुसऱ्या कुणाचा नव्हता. म्हणूनच बाईंना ते कोडं सुटत नव्हतं.


बाईंच्या वहीतून

हिरा. सगळे आवाज ओळखते. एक सोडून.

दिवा दाखवला: "चिमणी." दार दाखवलं: "कवाड." दगड: "गोटा." दोरी: "सुतळी." दूध: "पांढरं." पोरं हसली.

दात दाखवले. माझे. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हाडं."

द म्हणून दाखव म्हटलं की ओठ घट्ट. जीभ अडते का? दातामागे जीभ टेकत नाही का? त आणि थ मात्र स्वच्छ.

जूनमध्ये पहिलीत घालायची. तिथले मास्तर चित्र दाखवून विचारतात. जी पोरं बोलत नाहीत त्यांना सांगतात, पुढच्या साली या.

गुरुवारी द घ्यावा. फक्त हिरासाठी.


द

गुरुवारी सावरीची बोंडं फुटली होती. एप्रिलचं ऊन आणि त्या उन्हात वाट न ठरवता चाललेला कापूस. जाळीतून आत येई, पोरांच्या केसांवर बसे, पुन्हा उठे. सतरंजीवर दिवा होता, दगड होता, दोरी होती, तेजरामचा आदल्या रात्री पडलेला दात कागदावर ठेवलेला होता, आणि आगपेटीला उघडमीट करणारं झाकण चिकटवून जयानं एक दार केलं होतं.

बाईंनी हिराला पुढ्यात घेतलं. तिच्या हनुवटीला बोट लावलं. आपली जीभ दातांमागे टेकवून दाखवली. द. द. द. घड्याळात नऊ वाजले, साडेनऊ वाजले. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना दुसऱ्या दिवशी वाटलं. त्यांनी गोड आवाजात, न थकता, मायेनं त्या पोरीला भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे नेलं. बाकीची सतरा पोरं टाळ्या वाजवू लागली. हि-रा. हि-रा. हि-रा.

कापसाचा एक पुंजका हिराच्या ओठांसमोर येऊन थांबला.

"द," हिरा म्हणाली.

स्वच्छ. टपकन पडलेल्या थेंबासारखा. पुंजका उडाला. व्हरांडाभर गलका झाला, जयानं तिला मिठी मारली, गिरजाबाईसुद्धा झाडू बगलेत धरून टाळ्या वाजवत होती. बाईंचे डोळे भरून आले. त्यामुळेच की काय, हिराचा चेहरा त्यांना नीट दिसला नाही. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि ती हवेत काहीतरी शोधत होती. आत्ताच हातातून सुटलेलं काहीतरी.


शुक्रवार

शुक्रवारी हिरा आली नाही.

सतरंजीवर ठेवायला म्हणून बाईंनी टोपली उघडली तर दिवा नव्हता. दगड नव्हता. दोरी नव्हती. दात नव्हता. आगपेटीचं दार नव्हतं. बाकी सगळं जागच्या जागी, मडकं, मोरपीस, कात्री. कुणीतरी टोपलीतून नेमका एक आवाज वेचून नेला होता.

"काल टिफिनच्या टायमाले ते हिरा जासवंदीखाली काई तरी खोदून राहिली होती," गिरजाबाई म्हणाली. "म्या म्हटलं, खेळत असंल."

जासवंदीखालची माती हातानं उकरता आली. सगळं तिथं होतं. दिव्यात दात ठेवलेला, भोवती दोरी गुंडाळलेली, वर दगड. एखाद्या शहाण्या बाईनं बांधावं तसं व्यवस्थित बांधलेलं आणि पुरलेलं.

बाई मातीच्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. पोरीची जीभ कधीच अडली नव्हती, एवढं त्यांना त्या क्षणी कळलं. पण मग काय अडलं होतं? अकरा वाजता बालवाडी सुटली तशा त्या घरी न जाता मागच्या ओळीतल्या हिराच्या क्वार्टरकडे निघाल्या.


(    )

कौशल्याच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्या लागतात. त्याच ठिकाणी एक आवाजही काढून ठेवावा लागतो. हिराच्या आईच्या घरची ही रीत बाईंना अजून माहीत नव्हती. आपण मात्र तो आवाज उंबऱ्याबाहेर ठेवू आणि मगच आत जाऊ.

कवाड उघडंच होतं. कौशल्या विझलेल्या सिगडीपाशी बसली होती.

"या बाई. बसा. चहा करतो म्हटलं असतं, पर पांढरं फाटलं आज."

"पांढरं?"

"गवळ्यानं टाकलेलं वो. गाईचं."

"हिरा का नाही आली?"

"पोटात पिराते, कळ मारते म्हणते. म्हणते म्हंजे, तोंडानं नाई म्हणत काई, हातानं सांगते. कालपासून असंच. आन हिराचे बाबा बी रातपाळीहून आले नाई अजून." कौशल्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सहाले सुटते. सातले घरी येते. बाजूचे भाऊ म्हणे, बदलीचा रिलीव्हर नसंल आला, थांबवलं असंल साहेबानं. असंल तसंच. पर जीव लागत नाई."

ती बोलत राहिली. बोलण्यानं वेळ सरतो म्हणून बोलत राहिली. अंगणातल्या गोट्यावर कपडे आपटते त्याची गोष्ट, चिमणीतलं तेल संपलं त्याची गोष्ट, सासूची अर्धी बत्तीशी गेली तरी ती फुटाणे खाते ही गोष्ट, जिल्ह्याच्या गावाला बाजाराला गेलो होतो ही गोष्ट. जिल्ह्याच्या गावाचं नाव तिनं घेतलं नाही. आठ महिने पोरांसोबत शब्दांची तोंडं चाचपून बाईंच्या कानाला एक सवय लागली होती. त्यांना हळूहळू ऐकू यायला लागलं ते जे नव्हतं ते. एखाद्या भिंतीवर वर्षानुवर्षं तसबीर असावी आणि ती काढल्यावर तिची फिकट चौकट तेवढी उरावी, तशी त्या बोलण्यात एक चौकट होती. कौशल्या तिच्या कडेकडेनं बोलत होती. कुठंही पाय आत पडत नव्हता.

रजिस्टरात हिराच्या नावापुढे लिहिलेलं वडलांचं नाव बाईंना आठवलं. इथं ते लिहिता येत नाही.

"कौशल्या," बाई म्हणाल्या, "मालकाचं नाव तू घेत नाहीस, ते समजलं. पण त्या नावाचा पहिला आवाजसुद्धा?"

कौशल्यानं पदर ओठांवर ओढला. लाजली की घाबरली ते कळेना.

"सासूबाईनं लग्नाच्या पयल्याच सकाळी सांगतलं. नाव त घ्याचंच नाई. पर ते नाव जिथून सुरू होते, तिथून सुरू होनारं काईच बोलाचं नाई. मालकाचं आयुष्य तोंडातून निघून जाते म्हणे. नऊ वर्सं झाले, बाई. आता येतच नाई तोंडात. झोपेत बी येत नाई."

"आणि हिराला?"

"तिले कोन सांगते? पोरगी जे आयकते तेच बोलते." कौशल्या थांबली. "एक डाव मात्र इचारलं तिनं. आई, तू ते तसं कावून नाई म्हणत, बालवाडीत त सारे म्हणते. मी स्वयंपाकात होतो. म्हटलं, म्हणशील त बाबा घरी नाई येनार मंग." आणि मग, हळू आवाजात, "असंच म्हटलं. लेकराले म्हणतो तसं."

खाटेखाली काहीतरी हललं.

बाई खाली वाकल्या. भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन हिरा बसली होती. तोंडावर बापाचा गमछा, मागे गाठ मारलेली. गमछ्याच्या वर फक्त डोळे, आणि ते डोळे बाईंकडे नव्हते, उघड्या कवाडाकडे होते. सकाळपासून तिथंच लागलेले असावेत.

काल टाळ्या वाजल्या होत्या. सतरा पोरांच्या. 

"हिरा," त्या म्हणाल्या, "आवाजानं कुणी जात नाही गं. मी रोज म्हणते की नाही? सारी पोरं म्हणतात. कुणाचे बाबा गेले का?"

हिरा हलली नाही. बाकीच्या पोरांच्या बाबांचं नाव तिथून सुरू होत नव्हतं. एवढं तिला बाईंनीच शिकवलं होतं.

"तुमी घेता का बाई?" कौशल्यानं विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारत होती. "तुमच्या मालकाचं?"

बाईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. घरात अहो. बाहेर आमचे हे. हळदीकुंकवाला बायकांनी अडवलं की उखाण्यात एकदा, गुंफून, लाजून, तेवढंच. रीत म्हणून नव्हे, बाई असल्या गोष्टी मानत नव्हत्या. तशी वेळच आली नव्हती. आणि योगायोग असा की त्यांच्याही मालकाचं नाव त्याच ठिकाणाहून सुरू होत होतं जिथून या घरातल्या मालकाचं. हे त्यांना आत्ता, या खाटेसमोर ओणवं असताना, पहिल्यांदा उमगलं.

हिराची नजर कवाडावरून सुटून बाईंच्या तोंडावर आली होती.

बाईंनी जीभ टेकवली.  आणि त्या घरात, उंबऱ्याच्या आत, त्या मोठ्यानं म्हणाल्या,

"देवानंद."

कौशल्यानं डोळे मिटले. बाहेर कुठंतरी हँडपंपाची कुरकुर चालली होती ती चालूच राहिली. हिरा बघत होती. काय बघत होती? बाईंच्या तोंडातून काही निघून जातं का ते.

"ते बी कारखान्यातच हायेत ना, बाई?" कौशल्या म्हणाली.

"हो. टाइम ऑफिसात आहेत. क्लार्क."

"साडेपाचले सुटत असंल मंग."

"हो."

आणि बाईंच्या पाठीतून, भर उन्हाळ्यात, एक गार रेघ खाली सरकत गेली. वेडेपणा, त्या मनात म्हणाल्या. निव्वळ वेडेपणा. तरी ती रेघ गेलीच.

"चला," त्या उठल्या. "आपण गेटवर जाऊ. हिरा, तिथं बघू बाबांना. कवाडातून काय बघायचं, गेटवरच बघू."

गमछ्यासकट पोरगी खाटेखालून बाहेर आली. तिनं गमछा सोडू दिला नाही.


दोन वाजता

दुपारी दोनला भोंगा झाला.

गेटसमोरचा रस्ता उन्हानं वितळून हलत होता. पलीकडे चिमण्यांचा धूर आभाळात टेकून झोपल्यासारखा. तिघी एका कडुनिंबाखाली उभ्या होत्या. आधी काहीच आलं नाही. मग एक सायकल आली, मग चार, मग गेटच्या तोंडातून सायकलींचा लोट सुटला. उन्हाच्या लाटांमुळे चाकं जमिनीला लागतच नव्हती, माणसं कमरेएवढ्या पाण्यातून तरंगत यावीत तशी येत होती. पिवळी हेल्मेटं हँडलला. सगळ्यांचे शर्ट एकाच रंगाचे, सगळ्यांचे चेहरे एकाच काजळीचे. शंभर बाबा. दोनशे बाबा. हिरा एकेकाचं तोंड बघत होती आणि एकेक तोंड तिला ओलांडून जात होतं.

लोट पातळ झाला. मग तुटक तुटक झाला. कौशल्यानं बाईंचा हात धरला होता आणि तो किती घट्ट धरला आहे हे तिला कळत नव्हतं.

मग एक माणूस सायकल हातात धरून चालत बाहेर आला. सोळा तास जागा असलेला माणूस जसा चालतो तसा. त्यानं आधी गमछा ओळखला.

"काय झालं?" सायकल तशीच टाकून दयाराम धावत आला. "हिराले काय झालं? तोंडाले लागलं का?"

"नाई, नाई," कौशल्या म्हणाली आणि रडायला लागली. "तुमीच नाई आले. कावून नाई आले?"

"अवो, रिलीव्हर आला नाई त डबल ड्युटी पडली. कोक ओव्हनची भट्टी सोडून येता येते का? एकाले निरोप देल्ता मी, पोचला नसंल." त्यानं गोंधळून बाईंकडे पाहिलं. "बाई, तुमी बी? कोणी गेलं का?"

"कुणी गेलं नाही," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे." आणि त्यांनी सांगितलं. गुरुवारचं, जासवंदीखालचं, खाटेखालचं. काही लपवलं नाही.

दयाराम हसेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला नाही. तो रस्त्याच्या कडेला हिरासमोर उकिडवा बसला. त्याच्या भुवयांवर कोळशाची पूड होती.

"माह्या बाचं नाव रामाजी," तो पोरीला म्हणाला. "माही माय रातीले अंधार म्हणे. रस्त्याले वाट म्हणे. राख, रान, रोटी, काईच नाई म्हणे. एक डाव बी चुकली नाई. लय पक्की होती."

हिरानं मान हलवली. तिला हे समजत होतं.

"आन मी तुह्याएवढा असतानी बा गेला. धानाच्या बांधीत साप चावला."

"असं नोका बोलू लेकरापाशी," कौशल्या म्हणाली.

"जे झालं ते सांगून राहिलो." तो हिराकडेच बघत होता. "मायनं तोंड बंद ठेवलं, तरी बा गेला. तू काल तोंड उघडलं, तरी मी आलो. ते दोन्ही येगयेगळे कामं हायेत, समजलं का? मी त रिलीव्हरपायी थांबलो होतो."

हिरानं त्याच्या हाताला बोट लावलं. बोट काळं झालं. तिनं ते बोट नीट बघितलं.

"आजी मंग बंद झाली का?" गमछ्याच्या आतून पहिल्यांदा आवाज आला. "बाबाचे बाबा गेल्यावर?"

दयारामनं तिचं काळं बोट गमछ्याच्या टोकानं पुसलं.

"नाई. तवा बी नाई म्हणे. अजून बी नाई म्हणत. मी इचारलं होतं, माय, आता कोणासाठी? त म्हणे, म्हणलं त तो पुरा गेला ना मंग."

बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

दयारामनं मागची गाठ सोडली. गमछ्याचा वळ गालांवर उमटला होता. पोरीनं ओठ चाटले. बापाच्या दोन्ही कानांना दोन हातांनी धरलं, सुटून जाऊ नये म्हणून, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली,

"द."

बाप होता.

"दगड." बाप होता. "दिवा." होता. "दात," आणि तिनं एक हात सोडून त्याच्या तोंडात बोट घातलं, ते होते का बघायला. तेही होते.

"दोरी. दार. दूध. दही. दुकान." तिच्याकडे ते सगळे होते. कितीतरी दिवसांपासून आत साठलेले, ओळीनं लावलेले, कुणालाही न सांगितलेले. प्रत्येकानंतर थांबायची, बघायची. येणारे-जाणारे सायकलवाले वळून बघत होते. एक जण पोरीकडे बघून छत्तीसगढीत ओरडला, "का होगे दयाराम भाई? लइका ला पाठ पढ़ात हस का?"

"मीच शिकून राहिलो," दयाराम म्हणाला.

निघताना त्यानं पोरीला दांडीवर बसवलं. कौशल्या मागे कॅरिअरवर बसली. बसण्याआधी ती बाईंच्या जवळ आली.

"हिरानं म्हणलं त चालंल, बाई," ती म्हणाली. "जूनमधे शाळेत जाईल, तिथं तिले म्हणाच लागंल. पर मले नोका सांगू. मले नाई होनार."

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या.

सायकल हलली, डुलली, सरळ झाली. उन्हाच्या पाण्यात ती लहान होत गेली. दांडीवरची पोरगी काहीतरी म्हणे आणि मान वळवून वर बघे, पुन्हा काहीतरी म्हणे, पुन्हा वर बघे. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हता. फक्त मान वळताना दिसत होती.


मागून

पावणेतीन झाले होते. रत्नमालाबाईंनी घरी जायला हवं होतं. त्यांच्या हुडको वसाहतीची बस समोरच उभी होती, ड्रायव्हरनं एकदा हॉर्नही वाजवला. बाईंनी पदर डोक्यावरून घेतला, बसकडे चार पावलं टाकली आणि पुन्हा कडुनिंबाखाली येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या बसनं जाऊ. मग तीही गेली.

झाडाखालच्या चहावाल्यानं एक खोकं पुढे सरकवलं. "बैठिए बहनजी. किसी का इंतज़ार है?"

"हां."

"कौन से डिपार्टमेंट में हैं? नाम बोलिए, अंदर ख़बर भिजवा देता हूं."

बाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं.

"नहीं," त्या म्हणाल्या. "आ जाएंगे."

चार वाजले. सावली खोक्यावरून सरकली तसं खोकं सरकलं. बाईंनी चहा घेतला, आणखी एक घेतला. आपण हे का करत आहोत हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि कुणी विचारलं असतं तर त्यांनी ते साफ नाकारलं असतं. साडेपाचला पुन्हा भोंगा झाला. या वेळचे शर्ट पांढरे होते, चेहरे धुतलेले. बाई उभ्या राहिल्या. एकेक चेहरा त्यांना ओलांडून जायला लागला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास घेत नाही आहोत.

"तू?" सायकलचा ब्रेक करकरला. चष्मा, खिशाला दोन पेनं, हँडलला रिकामा डबा. "इथं? काय झालं वो?"

"काही नाही. भाजी घ्यायला आले होते."

"कारखान्याच्या गेटवर? भाजी?"

"मिळाली नाही."

त्यानं तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अशी काय बघून राहिली? माह्या तोंडाले काई लागलं का?"

"अहो, चला," रत्नमाला म्हणाली.

तो सायकल हातात धरून चालू लागला. तिनं कॅरिअरला एक हात लावला आणि हुडकोपर्यंत काढला नाही.